वॉरंटच्या खिडकीपाशी

प्रिय खुडबुड्या,

आधी रोखलेला श्वास सोड. आई ठणठणीत आहे. कालच तिने कपडे वाळत घालायच्या दोरीवरून खालच्या मजल्यावरच्या शेजारणीशी कडाक्याचं भांडण केलं आणि जिंकली, तेव्हा तिच्या तब्येतीची काळजी नको. मीही धडधाकट आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिणं भाग होतं, कारण हा पत्ता तू मला एकाच अटीवर दिला होतास, की आमच्यापैकी कोणाचं काही बरंवाईट झालं तरच वापरायचा. तसं काही झालेलं नाही आणि तरी मी तो वापरते आहे. चिडायचं तर चिड, पण पत्र फेकून देऊ नकोस. शेवटपर्यंत वाच. कागद शेवटपर्यंत न वाचण्याची आपल्या घराला खोड आहे आणि तिने आपला किती घात केलाय, ते पुढे कळेलच.

अक्षर मधेच बदललेलं दिसेल, कारण मी हे एका जागी बसून लिहिलेलं नाही. सुरुवात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत केली, एक शिकाऊ यायचा होता तोवर. मग ऑफिसात, मग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभ्याने. हल्ली मला बसवतच नाही. तुला माहीत आहे, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि माझा पाय दिवसभर त्यावर तयारीत असतो. पूर्वी गाडीतून उतरलं की पाय सुटायचा. आता जेवतानाही टेबलाखाली तो ब्रेक शोधत असतो. आई म्हणते, तुझ्या पायाने सगळं टेबल हलतंय, भाजी सांडेल. सध्या माझ्याकडे साठीच्या एक आजी शिकायला येतात. चौकात गाडी घातली की त्या डोळे मिटून घेतात आणि मला विचारतात, गेलो का गं पलीकडे? मी त्यांच्यावर हसायचे. आता हसत नाही, कारण आपण सगळे इतकी वर्षं तसेच डोळे मिटून बसलोय.

सुरुवात झाली ती मीटर वाचायला आलेल्या माणसापासून. बेल वाजली तशी आईने रेडिओ बंद केला आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. मी साखळी अडकवलेलीच ठेवून फटीतून त्या माणसाशी बोलत होते. तेवढ्यात आतून हळू आवाजात आईने विचारलं, त्याच्यासाठी आलेत का गं? तो बिचारा मीटरवाला एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा दाराकडे. मला लाजही वाटली आणि संतापही आला. तो गेल्यावर मी आईला विचारलं, आपण नक्की कशाला घाबरतोय? कोणतं कोर्ट, कसला गुन्हा, कोणी तक्रार केली? तिला सांगता येईना. मलाही येईना. आपल्याजवळ होता फक्त एक शब्द. तू परगावी काम मिळालंय म्हणून निघून गेलास, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक पोलीस दाराशी आला होता. त्याने फटीतून कागद पुढे केला, आईने वरचा ‘वॉरंट’ एवढा शब्द वाचला आणि त्याला ठणकावून सांगितलं की तो इथे राहत नाही, आमचा त्याचा संबंध नाही. दार धाडकन लावलं. तो बाहेरून काहीतरी समजावत होता, पण हिने रेडिओ मोठा केला. मग तुझा फोन आला तेव्हा तिने रडत तेवढंच सांगितलं, वॉरंट आलंय, इकडे फिरकू नकोस. तूही काही विचारलं नाहीस. तुझ्या त्या गप्प बसण्याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं, पण मी आईला सावरण्यात गुंतले होते.

मी ठरवलं, एकदाचा छडा लावायचा. पण गंमत बघ, कोणाला विचारायचं म्हटलं तर झोपलेल्याला जागं केल्यासारखं होईल अशी भीती. म्हणून आधी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसले, सगळे जेवायला गेले असताना. कोर्टाच्या साइटवर नाव घालून शोधता येतं म्हणतात. घातलं तुझं नाव. बाप रे, तुझ्या नावाचे किती जण भानगडी करून बसलेत! एकाने शेजाऱ्याची भिंत पाडली होती, एकाने दंड भरला नव्हता, एक तर दोन लग्नं करून बसला होता. प्रत्येक वेळी मी आधी वडिलांचं नाव शोधायचे आणि ते वेगळं दिसलं की पुढे सरकायचे. त्या दोन बायकांच्या दादल्यापाशी तर मी क्षणभर थांबलेच, म्हटलं आपल्या खुडबुड्यात एवढी धमक असती तर आईला सून तरी मिळाली असती. शेवटी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं की सगळीच वॉरंट इथे दिसतील असं नाही, खात्रीसाठी त्या त्या कोर्टात चौकशी करावी. म्हणजे डोळे दुखवून घेतले ते फुकट.

मग पोलीस चौकीत गेले. जाताना वाटेत दोनदा मागे फिरले, हे तुला सांगायला हरकत नाही. टेबलापाशी एक पोरगेला हवालदार बसला होता, चहाच्या कपावर बशी झाकून. मी म्हटलं, आमच्या स्कूलमध्ये शिकायला येणाऱ्या एका मुलाच्या नावावर वॉरंट आहे का ते बघायचंय, लायसन्ससाठी. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. त्याने नाव विचारलं नाही की काही नाही. हसून म्हणाला, त्यालाच घेऊन या ना मॅडम, आम्ही त्याला सगळं नीट सांगू. आणि बशी उचलून चहा प्यायला लागला. मी बाहेर आले तेव्हा गाडीची किल्ली हातात इतकी घट्ट धरलेली होती की तळव्यावर तिचे दाते उठले होते. तिथून थेट आपल्या भागातल्या कोर्टात गेले, कारण तेव्हा थांबले असते तर पुन्हा घरून निघाले नसते.

आपल्या भागातलं कोर्ट म्हणजे ती पिवळी इमारत, जिच्यासमोर मी रोज गाडी मागे घ्यायला शिकवते. इतकी वर्षं बाहेरून बघितली, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत गेल्यावर कळलं की कोणीही जाऊन विचारू शकतं, कोणी खाऊन टाकत नाही. अर्ज लिहायचा, शोध घ्यायचाय त्याचं नाव, वडिलांचं नाव, राहण्याचा पत्ता, अंदाजे साल, आणि आपलं त्याच्याशी नातं. नात्याच्या रकान्यात माझा हात थबकला. मग लिहून टाकलं, बहीण. कारकुनीणबाईंनी आरोपींच्या याद्या मागे मागे जात तपासल्या. तुझं नाव नाही. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं आणि जरा फणकाऱ्याने म्हणाल्या, अहो, नाव नाही याचा लोकांना आनंद होतो, तुम्हीच पहिल्या बघितल्या.

मला झालाच आनंद. घरी आले ती जिने एका दमात चढून. आईला सांगितलं, तुझा मुलगा कोणाचाही गुन्हेगार नाही. आई उठली, दाराची साखळी काढली, पदराने ती उगाचच पुसली आणि खणात ठेवून दिली. मग दार सताड उघडं टाकून संध्याकाळभर दिवाणखान्यात बसून राहिली, जिन्यात कोणाचीही चाहूल लागली की मान वर करून. मी तिला म्हटलं, अगं, त्याला अजून कळवलंसुद्धा नाही, आज कसा येईल तो? ती म्हणाली, येवो न येवो, दार उघडं आहे एवढं मला बरं वाटतंय. खरं सांगते, मला त्या वेळी तुला कळवावंसं फार वाटलं. पण काहीतरी टोचत होतं. आईने शब्द वाचला होता. तिला जवळचं दिसत नसेल, पण छापील ‘वॉरंट’ तिने ढळढळीत वाचलं होतं. मग ते गेलं कुठे? कागद काही हवेत विरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत त्याच खिडकीपाशी, नोंद कधी पुसली जाते का ते विचारायला. माझ्या पुढे एक बाई कारकुनीणबाईंशी तावातावाने भांडत होत्या. त्यांच्या नावाने वॉरंट निघालं होतं आणि त्यांचं म्हणणं होतं की मी काय केलंय? मी तर फक्त माझ्या खिडकीतून मारामारी बघितली! खिडकीतून थंडपणे उत्तर आलं की साक्षीला बोलावलं होतं, तुम्ही तारखेला आला नाहीत, मग पकडून आणायचा हुकूम निघणारच. त्या बाई भांडतच राहिल्या, पण मला पुढचं ऐकू आलं नाही. मी काल आरोपींची यादी बघून नाचत घरी गेले होते. साक्षीदारांचं मी विचारलंच नव्हतं. आणि कोणी तुला साक्षीला बोलावेल अशी तुझ्या आयुष्यात एकच गोष्ट घडली होती, तो लिफ्टचा अपघात. तो आपल्या भागात झाला नव्हता, पुलापलीकडे झाला होता. कोर्टही पुलापलीकडचं.

पुलापलीकडच्या कोर्टात वॉरंटची खिडकी वेगळी आहे, तळघरात, फायलींच्या कपाटांमधून वाट काढत जावं लागतं. तिथला कारकून सर्दीने बेजार, दर दोन वाक्यांमागे शिंकणार आणि प्रत्येक शिंक जणू माझ्यामुळे आली अशा नजरेने बघणार. या वेळी मी तुझं नाव सांगितलं नाही, ज्यांच्या हाताखाली तू लिफ्टचं काम शिकत होतास त्या वस्तादांचं सांगितलं. त्यांच्यावरचा लिफ्टच्या अपघाताचा खटला म्हटल्यावर त्याला लगेच आठवलं. तो अजून चालू आहे, खुडबुड्या. तुला वाटलं असेल कधीच मिटला. मलाही तसंच वाटायचं, कारण तू गेल्यावर आपण घरात त्याचं नावच काढलं नाही, सगळी अळीमिळी गुपचिळी. कागद बघायला कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘घरगुती’. कारकून म्हणाला, असं कारण चालत नाही. मी म्हटलं, दुसरं माझ्याजवळ नाही. तो शिंकला आणि त्याने शिक्का मारला.

दर तारखेला कोर्टात काय झालं ते ज्यात लिहितात त्याला रोजनामा म्हणतात. मी त्याच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून तो वाचत गेले. साक्षीदार गैरहजर. समन्स पुन्हा काढावं. साक्षीदार गैरहजर. पत्त्यावर सापडत नाही. वॉरंट काढावं. साक्षीदार म्हणजे तू. हे वॉरंट तुला शिक्षा करायला नव्हतं, तू बघितलेलं कोर्टाला सांगायला ये म्हणून होतं. ते दाखवून कोणी तुला पकडलं असतं तरी लगेच जामीन मिळाला असता. तो पोलीस बंद दाराबाहेरून आईला बहुतेक हेच समजावत होता. मला हसू आलं, मग रडू आलं, कारकून म्हणाला कागद भिजवू नका. आणि मग मी तारीख बघितली. वॉरंट निघालं तेव्हा तुला जाऊन बरेच महिने झाले होते. तू गेलास अपघाताच्याच आठवड्यात. तेव्हा वॉरंट नव्हतं, समन्स नव्हतं, तुझं नावसुद्धा कोणी घेतलं नव्हतं. मग तू कशाला भिऊन गेलास?

म्हणून मी पुढचे जबाबही वाचले. त्या इमारतीचा मॅनेजर म्हणतो, लिफ्ट बंद केलीच नव्हती, पाटी लावलीच नव्हती, मिस्त्री ब्रेकचं काम अर्धवट टाकून गेला. वस्ताद म्हणतात, मी मेन स्विच बंद केला, त्याच्या पेटीला कुलूप लावलं, पाटी अडकवली आणि ब्रेकचा सुटा भाग आणायला गेलो. किल्ली? किल्ली माझ्या खिशात होती. मॅनेजरच्या वकिलाने विचारलं आहे, किल्ली तुमच्या खिशात, कुलूप तुटलेलं नाही, तर लिफ्ट चालू झाली कशी? यावर वस्तादांचं उत्तर, सांगता येत नाही. दर वेळी तेच. इतकी वर्षं जेवताना तुझ्या तोंडून मेन स्विच आणि पेट्यांच्या गोष्टी ऐकलेली मी, मला तिथल्या तिथे कळलं. वस्ताद बाहेर जाताना किल्ली कायम तुझ्याकडे द्यायचे. त्याचा तुला केवढा अभिमान! मी येईपर्यंत कोणाला द्यायची नाही, असं ते दर वेळी बजावायचे आणि घरी येऊन तू त्यांची नक्कल करून दाखवायचास. त्या दिवशी मॅनेजरचे पाहुणे यायचे होते, तेही जबाबात आहे. त्याने एकच फेरी म्हणून किल्ली मागितली असणार, दम भरला असणार, आणि तू दिलीस.

चुकत असेन तर मला शिव्या घाल. पण मला वाटत नाही मी चुकते आहे. तू पोलिसांना घाबरून गेला नाहीस. वस्तादांसमोर उभं राहायचं तुला धाडस झालं नाही, म्हणून गेलास. आणि मग आईने वॉरंट म्हटल्यावर तुला न परतायला एक कारण आयतंच मिळालं. मला तुझा राग येतोय, हे लपवत नाही. पण आता एक गोष्ट ऐक, जी तुला माहीत असणं शक्य नाही. तुला साक्षीला बोलवा असं सांगितलं ते मॅनेजरने नाही आणि वस्तादांनी तर नाहीच. ते सांगितलं चौथ्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी, ज्या त्या लिफ्टमध्ये होत्या. त्यांचा पाय कायमचा अधू झालाय, काठी घेऊन चालतात. त्यांच्या जबाबात लिहिलंय की निळ्या कपड्यांतला मुलगा दोन्ही हात हलवत जिन्याने धावत वर येत होता, मला थांबा म्हणून ओरडत होता, पण तोवर दार लागलं. लिफ्ट खाली आदळल्यावर त्यानेच दार फाकवलं, आणि मदत येईपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याला बोलवा, तो मुलगा खोटं बोलणार नाही. अगदी असंच लिहिलंय. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

नंतर मी वस्तादांकडे गेले. त्यांचा परवाना काढून घेतलाय, लिफ्टला हात लावायची बंदी आहे. घराच्या पुढच्या खोलीत पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत बसतात, दारापाशी मोटारींचा ढीग, मधे त्यांना बसायपुरती जागा. केस पार पांढरे झालेत. मला बघून आधी त्यांनी तुझ्या जेवणाखाण्याची चौकशी केली, वेळेवर जेवतो का, की अजून काम हातात असलं की विसरतो? मी सांगितलं, मला सगळं कळलंय, किल्ली कुठे होती तेही. त्यांनी हातातल्या मोटारीचा स्क्रू घट्ट केला. मग म्हणाले, ताई, पोराला यात ओढू नका. किल्ली सांभाळायची जबाबदारी माझी होती, मी ती कच्च्या हातात दिली. माझं आता काय राहिलंय? दोन वर्षं आत काढीन. त्याच्यापुढे सगळं आयुष्य आहे. मला भरून यायला हवं होतं, पण मी त्यांच्यावर चक्क ओरडले. म्हटलं, तुम्ही इथे त्याच्यासाठी खोटं बोलताय आणि तो तिकडे तुमचं तोंड चुकवत जगतोय, यात कोणाचं भलं झालं? त्यांच्या बायकोने मला पाणी आणून दिलं. त्या एवढंच म्हणाल्या की कोर्टाने शेवटची संधी दिलीय, येत्या तारखेला साक्षीदार आला नाही तर त्याच्याशिवाय निकाल लागणार, आणि वकिलांनी आशा सोडलीय.

तेच वकील मी गाठले, आडवळणाने, त्या गाडी शिकणाऱ्या आजींच्या ओळखीने. त्यांना विचारलं की साक्षीदाराने कोर्टात सांगितलं की किल्ली मी दिली, तर त्याच्यावर काही येईल का? त्यांनी खोटा धीर दिला नाही. येऊ शकतं, म्हणाले. बहुतेक दोष मॅनेजरवर जाईल, मॅनेजरने दमदाटी केली हे कोर्ट बघतं, आणि बाईंचा जबाब मुलाच्या बाजूचा आहे. पण खात्री मागाल तर देता येणार नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. सगळं निस्तरलंय, ये घरी, असं गोड लिहून तुला बोलावून घेणं सोपं होतं. पण तू आल्यावर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. वकिलांकडून निघाल्यावर मी गाडीत किती वेळ नुसती बसून राहिले कोण जाणे. माझा पाय ब्रेकवर होता आणि गाडी तर चालूही नव्हती. नंतर आजी शिकायला आल्या. त्या दिवशी चौकात त्यांनी डोळे उघडे ठेवले, आणि पलीकडे गेल्यावर मीच रडले. त्या घाबरून म्हणाल्या, अगं, चुकलं का काही?

आता हे पत्र का लिहिलं ते. आज सकाळी मी पुलापलीकडच्या कोर्टात गेले आणि त्या शिंकणाऱ्या कारकुनाच्या खिडकीत साक्षीदाराचा हल्लीचा पत्ता लिहून दिला. तुझा पत्ता. जो मी कोणालाही सांगणार नाही अशी तुझ्यापाशी शपथ घेतली होती. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मी तुझं ऐकलं असतं, म्हणून विचारलं नाही. कोर्टाचा माणूस निघेल, त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून जलद टपालाने टाकते आहे. तेव्हा पळून जायचं असेल तर तुला तेवढा वेळ आहे, मी तोही तुझ्यापासून हिरावलेला नाही. तू पळालास तर वस्ताद तुझ्या नावाचा एक शब्द न काढता आत जातील, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आलास तर कोर्टाच्या दाराशी मी असेन, आत जाताना आणि बाहेर येताना, बाहेर यायला कितीही वेळ लागला तरी. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. साखळी खणातच आहे, रोज संध्याकाळी ती दार उघडं टाकून बसते. माझं तुझ्याकडे एवढंच मागणं आहे. तुझ्या दाराची बेल वाजेल तेव्हा रेडिओ मोठा करू नकोस. दार उघड, कागद हातात घे आणि पूर्ण वाच.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई